गज, मूषक आणि औषधाची मात्रा

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्यास लागून सुमारे पन्नास किलोमीटर गेले म्हणजे शिरूर तालुक्यातील रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान. त्रिपुरासुराशी युद्ध करण्यापूर्वी प्रत्यक्ष शंकरांनी येथे गणेशाचे आराधन केले, अशी या क्षेत्राची कथा आहे. अलीकडच्या काही दशकांत गावाशेजारी मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली असून यात्रेकरूंच्या गाड्यांच्या मागोमाग कारखान्यांच्या मालमोटारी धावताना दिसतात. देवदर्शनास गेलो म्हणजे एका गोष्टीकडे आमचे लक्ष नेहमी जाते. भूचरांत सर्वांत मोठा जो हत्ती, त्याचे मस्तक धारण करणारा हा देव. आणि त्याचे वाहन मात्र घराघरांतून धान्य कुरतडणारा उंदीर! श्रद्धावंतांस या जोडीत काही विसंगत वाटत नाही, आणि आम्हांसही कधी वाटले नव्हते. परंतु दोन वर्षांपूर्वी या जोडीचा एक निराळाच अर्थ आम्हांस सुचला, व तो सुचण्यास एक लहानसाच पण मनास लागलेला प्रसंग कारण झाला.

आमची भाची व तिचे यजमान नोकरीनिमित्त रांजणगावास राहतात. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने एक गिनीपिग पाळला होता. तपकिरी अंगाचा, पांढऱ्या तोंडाचा हा प्राणी घरात सर्वांचा लाडका असून त्याचे नाव सोन्या ठेवले होते. कोथिंबिरीच्या जुडीची सळसळ ऐकू येताच तो शीळ घातल्यासारखा आवाज काढी. थंडीच्या दिवसांत त्याच्या नाकातून पाणी वाहू लागले. त्याच आठवड्यात मुलास घशाचा विकार होऊन डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनचे पातळ गोड औषध दिले होते, व त्याने त्यास तत्काळ उतार पडला होता. बाटलीत औषध उरलेले. मुलास चमचाभर, तर एवढ्याशा जिवास चार थेंब, असा सरळ हिशेब करून भाचीने ते सोन्यास पाजले. पहिले दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने खाणे टाकले, चौथ्या दिवशी पोट बिघडले, आणि पुण्यास नेण्याची तयारी चालली असतानाच पाचव्या दिवशी सकाळी तो मेला.

आम्ही गेलो तेव्हा भाची म्हणाली, “मामा, चारच थेंब दिले हो! आणि औषधही चांगल्यातलं होतं.” मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “आजोबा, त्याच औषधानं मी बरा झालो. मग सोन्या कसा मेला?”

आमचा सारा जन्म महाविद्यालयात इतिहास शिकविण्यात गेला. पण या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. पुढे काही महिने आम्ही या विषयावरील ग्रंथ चाळले व पशुवैद्यकातील जाणत्यांशी बोललो. तेव्हा असे दिसून आले की, मुलाचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नसून मोठमोठ्या शास्त्रज्ञांस व राज्यकर्त्यांसही तो पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर उशिरा सापडल्यामुळे फार मोठी हानी झालेली आहे. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माणसाप्रमाणे जनावरांसही औषधोपचार मिळावा, हा विचार या देशास नवा नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या चतुर्दश शिलालेखांपैकी दुसऱ्यात मनुष्यांकरिता व पशूंकरिता अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे, व जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचे नमूद केले आहे. या लेखमालेची एक प्रत आपल्या कोकणात सोपाऱ्यासही कोरलेली होती. तिच्यातील आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, चिकित्सा दोन प्रकारची असल्याचे सम्राट स्वतः सांगतो. माणसाची चिकित्सा एक व पशूची दुसरी, हा भेद बावीसशे वर्षांपूर्वी राजाज्ञेत आलेला आहे.

आपल्या शास्त्रकारांनी तर याही पुढे पाऊल टाकले होते. त्यांनी सर्व पशूंकरिता मिळून एक वैद्यक लिहिले नाही. हत्तीकरिता पालकाप्याच्या नावावर असलेला हस्त्यायुर्वेद निराळा. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो छापून प्रसिद्ध केल्यामुळे आपल्याकडील अभ्यासकांस तो सहज उपलब्ध झाला. घोड्याकरिता शालिहोत्राची परंपरा निराळी. जयदत्ताचे अश्ववैद्यक आणि नकुलाचे म्हणून ओळखले जाणारे अश्वचिकित्सित हे ग्रंथ त्याच परंपरेतील होत. हिंदी-उर्दूत घोड्यांच्या वैद्यास सालोत्री म्हणत, तो शब्दही शालिहोत्र या नावावरूनच आलेला आहे. ज्याच्या देहाची चिकित्सा करावयाची, त्या देहाचा स्वतंत्र अभ्यास केला पाहिजे, हे तत्त्व या ग्रंथरचनेतच गृहीत धरलेले आहे. त्यांतील सर्वच उपचार आजच्या कसोटीस उतरतील असे आमचे म्हणणे नाही. परंतु हत्तीचे ते हत्तीचे आणि घोड्याचे ते घोड्याचे, ही शिस्त आजही शिकण्याजोगी आहे.

या शास्त्रांस एक मर्यादा मात्र होती. ती मुख्यतः राजाच्या उपयोगी पडणाऱ्या प्राण्यांची होती. गजदळ व अश्वदळ यांवर राज्य अवलंबून असल्यामुळे गजाचे व अश्वाचे शास्त्र झाले. मूषकाचे शास्त्र कोणी कशास लिहील? हीच स्थिती थोड्याफार फरकाने आजही आहे. गाई, म्हशी, कोंबड्या व कुत्री यांच्यासाठी औषधे तयार होतात, त्यांवर प्रयोग होतात, मात्रा ठरतात. गिनीपिग किंवा त्याचा दक्षिण अमेरिकेतील नातलग डेगू अशा चिमुकल्या पाळीव प्राण्यांसाठी म्हणून खास तयार झालेली औषधे फारच थोडी. त्यांच्या बाबतीत वैद्यास दुसऱ्यांसाठी केलेल्या औषधांतूनच निवड करावी लागते. जेथे निवड आहे तेथे ज्ञान पाहिजे. आणि ज्ञान नसले म्हणजे सोन्याचे झाले ते होते.

अर्वाचीन काळी या शास्त्राचा जो नवा अध्याय सुरू झाला, त्यात पुणे शहरास मानाचे स्थान आहे. गुरांची बुळकांडी हा रोग एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांचे गोठेच्या गोठे रिकामे करी. त्याच्या चौकशीसाठी हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला व त्याचा अहवाल १८७१ साली बाहेर आला. पुढे १८८६ साली मुंबईस पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ही संस्था स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. भयंकर सांसर्गिक रोगांवरील प्रयोग भरवस्तीत करणे इष्ट नसल्यामुळे १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच.

मुक्तेश्वरास १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी जो शोध लावला, तो आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. बुळकांडीचा विषाणू त्यांनी एका बकऱ्याच्या देहातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या देहातून तिसऱ्याच्या, असा पुष्कळ वेळा नेला. असे करता करता तो गुरांच्या बाबतीत सौम्य होत गेला, इतका की त्याचीच लस करून टोचता येऊ लागली. म्हणजे प्राण्याची जात बदलली की रोगबीजाचा स्वभावही बदलतो. या लसीने मैदानी मुलखातील देशी गुरांचे फार कल्याण केले. परंतु तीच लस परदेशी व संकरित गुरांस, तसेच काही डोंगरी जातींस सोसत नसे. कित्येकदा लसीनेच जनावर आजारी पडे. त्यांच्याकरिता पुढे निराळ्या लसी काढाव्या लागल्या. एकाच गोजातीतील दोन वंशांत जर एवढा फरक, तर मूल व गिनीपिग यांच्यातील फरकाची कल्पनाच केलेली बरी. असो. बुळकांडीविरुद्धची मोहीम पुढे अनेक दशके चालून २०११ साली सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नाहीसा झालेला हा दुसरा रोग होय. औषधविद्येची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही, हे वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून हा विजय येथे मुद्दाम नोंदला आहे.

आता सोन्याच्या मृत्यूकडे वळू. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलीनच्या कुळातील औषध आहे. पेनिसिलीनचा शोध फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. परंतु ते देहात दिले असता रोग बरा होतो, हे सिद्ध करण्याचा मान ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जातो. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांस घातक जंतू टोचले व त्यांपैकी चौघांस पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी पहाट होण्याच्या आत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते. औषध दिलेले चारही जिवंत होते. त्या पहाटे वैद्यकाचे नवे युग सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना याच औषधाच्या निर्मितीसाठी निघाला, व पेनिसिलीन हे नाव मराठी घराघरांत पोचले.

परंतु या कथेस एक उपकथा आहे व ती थोड्यांस ठाऊक असते. उंदरांवरील त्या प्रयोगानंतर तीनच वर्षांनी, १९४३ साली, पेनिसिलीन गिनीपिगांस घातक ठरते असे संशोधकांनी प्रसिद्ध केले. उंदराहून तिप्पट-चौपट नव्हे, वीस-तीसपट मोठा असलेला हा प्राणी, उंदरास वाचविणाऱ्या औषधाने मरत होता! आता क्षणभर अशी कल्पना करा की, ऑक्सफर्डच्या त्या प्रयोगशाळेत १९४० साली उंदरांऐवजी गिनीपिग वापरले गेले असते. शास्त्रज्ञांनी पेनिसिलीन विषारी ठरवून कपाटात ठेवून दिले असते, व दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर त्याने वाचलेले असंख्य जीव वाचले नसते. प्रयोगासाठी कोणता प्राणी पिंजऱ्यात होता, यावर वैद्यकाच्या इतिहासाची दिशा अवलंबून राहिली.

असे का व्हावे, याचे उत्तर त्या प्राण्याच्या पोटात आहे. गिनीपिग व डेगू हे गवत, पाला असे तंतुमय अन्न खातात. ते पचविण्याचे काम त्यांचे स्वतःचे पाचकरस पुरते करीत नाहीत. लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर उंडुक नावाची जी मोठी पिशवी असते, तीत राहणारे उपकारक जंतू ते काम करतात. जणू पोटात त्यांनी एक गोशाळाच पाळलेली असते. पेनिसिलीनच्या कुळातील औषध तोंडावाटे गेले की हे उपकारक जंतू मरतात. मग ज्या थोड्या घातक जंतूंस त्यांनी आजवर दाबून ठेवलेले असते, ते बळावतात व त्यांच्या विषाने आतडी सुजून प्राणी दगावतो. यास काही दिवस लागतात. म्हणूनच पहिले दोन दिवस सोन्या ठीक दिसला. मुलाच्या घशातील जंतू ज्या औषधाने मेले, त्याच औषधाने सोन्याच्या पोटातील गोशाळा ओस पडली. औषधाने आपले काम दोन्ही ठिकाणी चोख केले. चुकला तो देह.

डेगूच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. चिली देशातील डोंगरउतारांवर राहणाऱ्या या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन मोलिना या विद्वानाने १७८२ साली केले. कोरडे गवत, पाने व बिया यांवर तो जगतो. साखर पचविण्याची त्याची शक्ती फार थोडी, आणि गोड खाण्याने त्यास मधुमेह लवकर होतो. तेव्हा मुलांनी आवडीने प्यावे म्हणून ज्या औषधात साखर घातलेली असते, त्यातील औषध एक वेळ चालण्याजोगे असले तरी त्याचा पाकच त्यास बाधतो. औषधात रोग बरा करणारे द्रव्य तर असतेच. पण ज्या पाण्यात, पाकात किंवा तेलात ते मिसळलेले असते तेही देहात जाते, हे आपण विसरतो. आयुर्वेदाने अनुपानास जे महत्त्व दिले, त्यातील मर्म येथे पटते.

आता कोणी म्हणेल, औषध योग्य निवडले म्हणजे झाले. मात्रेचा हिशेब तर सोपा त्रैराशिकाचा आहे. येथे गज व मूषक पुन्हा आमच्या मदतीस येतात. अमेरिकेतील ओक्लाहोमा शहराच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाचा एक हत्ती होता. १९६२ सालच्या ऑगस्टमध्ये काही संशोधकांनी प्रयोगासाठी त्यास एलएसडी हे मनावर परिणाम करणारे द्रव्य टोचले. मांजरास सोसणारी मात्रा त्यांस माहीत होती. मांजराच्या वजनाशी हत्तीच्या वजनाचा गुणाकार करून त्यांनी २९७ मिलिग्रॅम ही मात्रा काढली. पाच मिनिटांत तो प्रचंड प्राणी कोसळला व दोन तासांच्या आत मेला. त्यास सावरण्यासाठी नंतर दिलेली औषधेही त्याच्या मृत्यूस कारण झाली असावीत, असा वाद पुढे झाला. परंतु मूळ गणितातील चूक सर्वांनी मान्य केली.

ती चूक कोणती? मॅक्स क्लायबर यांनी १९३२ सालीच दाखवून दिले होते की, प्राण्याचे वजन ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात त्याच्या देहातील ऊर्जेचा व्यवहार वाढत नाही. एक प्राणी दुसऱ्याच्या सोळापट वजनाचा असला, तर त्याचा व्यवहार सोळापट नव्हे, साधारण आठपट असतो. मोठा देह संथ, लहान देह चपळ. म्हणून पुष्कळ औषधे हत्तीच्या देहात दीर्घ काळ रेंगाळतात व उंदराच्या देहातून झरझर निघून जातात. मांजराच्या हिशेबाने हत्तीस औषध दिले तर ते फार होते. उलट हत्तीच्या हिशेबाने उंदरास दिले तर कित्येकदा अपुरे पडते. अर्थात प्रत्येक औषधाची गोष्ट निराळी असून हा नियमही सर्वत्र लागू पडत नाही. त्रैराशिकाने धान्य वाटता येते, औषध नव्हे.

शिवाय लहान देहात लहानशी चूकही मोठी ठरते. समजा, एखाद्या औषधाची मात्रा किलोमागे पाच मिलिग्रॅम आहे आणि प्राण्याचे वजन पाव किलो आहे. त्यास सव्वा मिलिग्रॅम औषध हवे. माणसाची गोळी पाचशे मिलिग्रॅमची असते. म्हणजे त्या गोळीचा चारशेवा भाग! स्वयंपाकघरातील कोणत्या सुरीने हा भाग कापता येईल? गाईस एक थेंब अधिक गेल्याने काही होणार नाही. डेगूच्या बाबतीत तो एक थेंबच सारी मात्रा असू शकतो.

निवडीच्या अशा चुकांची उदाहरणे पाहिजे तितकी आहेत. माणसाच्या तापावरील पॅरासिटॅमॉल मांजरास दिले तर ते पचवून बाहेर टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात नसल्यामुळे रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमताच नष्ट होते, व एका गोळीने मांजर मरू शकते. कुत्र्याच्या पिसवांवरील पर्मेथ्रिनचे थेंब मांजरास घातक. त्याच कामाचे फिप्रोनिल सशास घातक. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर त्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध घालतात. तेच खाद्य चुकून घोड्याने खाल्ले तर त्याचे हृदय निकामी होते. शिरूर-दौंडच्या भागात जेथे एकाच आवारात कोंबड्या, गुरे व क्वचित घोडेही असतात, तेथे ही गोष्ट प्रत्येक गड्यास ठाऊक पाहिजे.

येथवर जे सांगितले ते एकेका प्राण्याचे झाले. परंतु एक चूक अशीही झाली की, जिने आपल्या साऱ्या देशाच्या आकाशाचे रूप बदलले. आमच्या बालपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडांचे थवे उतरत, व सायंकाळपर्यंत तेथे केवळ हाडे उरत. आज आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी गिधाड चित्रातच पाहिलेले आहे. १९९० नंतरच्या दशकात भरतपूरच्या पक्षिअभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांच्या लक्षात आले की, गिधाडे झपाट्याने नाहीशी होत आहेत. मान टाकून बसलेली, झाडांवरून गळून पडणारी गिधाडे त्यांस आढळली. साथ असावी, कीटकनाशक असावे, असे तर्क पुष्कळ झाले. अखेर २००४ साली लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील संशोधनावरून खरे कारण प्रसिद्ध केले. ते कारण म्हणजे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध.

हे औषध माणसांत जुने. आपल्याकडे ते स्वस्तात मिळू लागल्यावर लंगडणाऱ्या बैलास, कास सुजलेल्या गाईस ते सर्रास टोचले जाऊ लागले. गुरांस त्याने आराम पडे. त्यात काही अपाय नव्हता. परंतु औषध टोचल्यावर एक-दोन दिवसांत जे जनावर मेले, त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई, आणि गिधाडाचे मूत्रपिंड त्यापुढे टिकाव धरीत नसे. अशी विषारी शवे शंभरांत एकाहूनही कमी असली तरी साऱ्या जातीचा नाश होण्यास तेवढी पुरतात, असे गणिताने सिद्ध झाले. कारण एका शवावर गिधाडांचा सारा थवा जेवतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या आपल्या देशात ९९.९ टक्क्यांनी घटली, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडांची व त्यांच्या सजातीयांची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी. मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी समाजाच्या दोखम्यांत शतकानुशतके चालत आलेली अंत्यविधीची रीतही या नाशामुळे खंडित झाली, व सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसविण्याची पाळी आली. रानात पडलेल्या शवांवर मोकाट कुत्री वाढली. इतके सारे अनर्थ, आणि त्यांच्या मुळाशी गाईच्या दुखण्यावर केलेला एक सदय उपचार!

या प्रसंगाने औषधाच्या विचारात एक नवा प्रश्न आणला. औषध ज्यास दिले त्याचे काय झाले, एवढेच पाहून भागत नाही. ते देहातून पुढे कोठे गेले, हेही पाहावे लागते. सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकची निर्मिती बंद केली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांस निर्धोक असल्याचे सिद्ध झाले होते. म्हणजे गाईस दुःखात ठेवण्याची गरज नव्हती. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांस टोचल्या जातच राहिल्या, तेव्हा २०१५ साली माणसांच्या कुपीवर तीन मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली. पुढे जनावरांतील वापरापुरती २०२३ साली किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांवर, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर बंदी आली. २०२४ च्याच आरंभी हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली काही गिधाडे आपल्या विदर्भात पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. दोन दशके लागली. आणि गेलेले अद्याप परत आलेले नाही.

दुधासंबंधीही हाच नियम आहे. गाईस प्रतिजैविक टोचल्यावर ठरावीक दिवस तिचे दूध विकू नये, असे कुपीवर लिहिलेले असते. ते दिवस न पाळणारा मनुष्य आपले औषध शेजाऱ्याच्या मुलास पाजतो, दुसरे काय?

या साऱ्या इतिहासातून घरातील माणसांनी काय घ्यावयाचे? आमच्या मते बोध एकच आहे : औषध रोगाचे नसते, देहाचे असते. जनावरांच्या औषधाच्या वेष्टणावर आपल्याकडील नियमांनुसार पाळीव जनावराच्या मस्तकाचे चित्र व ते माणसासाठी नाही अशी सूचना छापावी लागते. परंतु त्या चित्राचा अर्थ ते सर्व जनावरांचे औषध आहे असा मुळीच नव्हे. म्हणून चिमुकला प्राणी पाळणाऱ्याने आधीच असा नोंदणीकृत पशुवैद्य शोधून ठेवावा, की ज्याने अशा प्राण्यांवर उपचार केलेले आहेत. प्राणी आजारी पडल्यावर शोधू लागल्यास वेळ निघून जातो. प्राण्याचे वजन ग्रॅममध्ये मोजणारा लहान काटा घरी ठेवून दर आठवड्यास ते टिपून ठेवावे. वजन घटू लागणे हीच पुष्कळदा रोगाची पहिली सूचना असते. वैद्याने दिलेली मात्रा सुईविना लहान पिचकारीने मोजावी, चमच्याने किंवा थेंबांनी नव्हे. ठरलेले दिवस पुरे होण्यापूर्वी औषध थांबवू नये, व उरलेले पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवू नये. औषध चालू असता प्राण्याने खाणे टाकले किंवा त्याचे पोट बिघडले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता वैद्यास कळवावे. माणसाची बाटली तर त्याच्यापुढे उघडूच नये. यांत कठीण असे काहीच नाही. कठीण आहे ते एवढेच की, प्रेमाच्या भरात हात बाटलीकडे जातो तेव्हा तो आवरावा लागतो.

गेल्या माघात आम्ही पुन्हा रांजणगावास गेलो. भाचीकडे नवा गिनीपिग आलेला होता. मुलगा आता बारा वर्षांचा आहे. त्याने पिंजऱ्याजवळ एक लहान वही टांगली असून तीत तारीखवार वजने लिहिलेली आहेत. पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने पुण्याच्या पशुवैद्यांचा पत्ता लिहिला आहे आणि त्याखाली एक ओळ : माझे औषध माझे, ह्याचे औषध ह्याचे.

दोन वर्षांपूर्वी जे उत्तर आम्हांस देता आले नाही, ते आम्ही त्यास त्या दिवशी देऊ लागलो. उंडुकाची हकीकत, टस्कोची कथा, गिधाडांची कहाणी, सारे त्याने लक्ष देऊन ऐकले. मग तो म्हणाला, “म्हणजे आजोबा, आईची चूक नव्हती, तिला माहीत नव्हतं.” भाची शेजारीच भाजी निवडीत बसली होती. तिने मान वर केली नाही. पण तिचा हात क्षणभर थांबला. सायंकाळी आम्ही तिघेही महागणपतीच्या दर्शनास गेलो.